पारायणात वाचणारे किती?

सुगी आटोपली की सीमाभागात गावोगावी पारायणाचे मंडप उभे राहतात. पहाटे काकड आरती, दिवसा ज्ञानेश्वरीचे वाचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला व महाप्रसाद. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लागतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे कचेरीतली मराठी गेली, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आला. मंडपातली मराठी मात्र कोणत्याही परिपत्रकावर अवलंबून नव्हती. जेमतेम दुसरी-तिसरी शिकलेले शेतकरी ओळीवर बोट ठेवून नऊ हजारांवर ओव्या वाचून काढीत. आम्ही शिक्षक मंडळींनी वर्गात जे केले, त्याहून हे काम लहान नव्हे.

आज मंडप मोठे झाले, पण वाचकांची रांग पाहावी. बहुतेक पन्नाशीपुढचे! मुले टाळ धरायला आणि पंगतीत वाढायला येतात. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात जाणाऱ्या मुलाला हरिपाठ ऐकून पाठ असतो. पुस्तक हाती दिले की तोच मुलगा जोडाक्षरापाशी अडखळतो.

शिकलेली तरुण मंडळी म्हणतात, हे सारे जुनाट झाले. आम्हाला तसे वाटत नाही. परंपरा बदलते, फक्त बदलायला माणसे लागतात. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. २०१४ साली त्याच मंदिरात स्त्रिया आणि ब्राह्मणेतर पुजारी नेमले गेले. आपल्या गावात मात्र एखादी वस्ती पंगतीला बोलावली जाते आणि वाचनाच्या आसनावर दिसत नाही. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या मंडपाला हे शोभत नाही.

कानडी शेजाऱ्यालाही आपण परका समजू नये. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, पुरंदरदासांची नाममुद्राच पुरंदर विठ्ठल. आमचा आग्रह आपल्या मुलांच्या मराठीसाठी आहे, कोणाच्या भाषेविरुद्ध नाही.

तेव्हा सप्ताह समित्यांना एक विनंती. रोज एक तास मुलामुलींचा ठेवावा. ज्ञानेश्वरी त्यांना जड जाईल, पण हरिपाठाचे सत्तावीस अभंग दिवसाला चार याप्रमाणे सात दिवसांत होतात. प्रती मोठ्या टाइपातल्या घ्याव्यात. पाठ म्हणू देऊ नये, वाचूनच घ्यावे. मुले लबाड असतात, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. आणि मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा असतात, तेव्हा पहाटेचा भोंगा बंद असावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावू नये, असा नियम २००० सालापासून आहेच. काकड आरती भोंग्याविनाही होते.

स्वागत फलकांचा खर्च थोडा आवरला तर प्रतींचे पैसे सहज निघतील. यंदाच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांखाली वाचणाऱ्या मुलांचीही नावे छापावीत, सगळ्या गल्ल्यांतली.