'शुद्ध' आणि 'प्रक्रिया केलेले' : संशोधन मराठीत सांगताना

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पाणी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले. इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या या रस्त्यालगत औषधांचे, प्लास्टिकचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे, खाद्यपदार्थांचे कारखाने आहेत. शहरातून वाहत आलेली कान्ह नदी उत्तरेला सांवेरकडे जाते आणि पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. वरच्या अंगाला आपण जे सोडतो, ते खालच्या अंगाला कोणाच्या तरी शेताच्या बांधाजवळून जाते.

निवृत्तीनंतर एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी सांडपाण्यावरील नव्या संशोधनाविषयी लेख लिहिला. काही शोधनिबंध वाचून, सोप्या मराठीत. लेखाचे कौतुक झाले. आठवडाभराने आमच्या परिचयातल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांची थोडी शेती सांवेरच्या बाजूला आहे.

"भाऊजी, नाल्याचं ते पाणी कोथिंबिरीला दिलं तर चालेल ना? तुम्हीच लिहिलंय, प्रक्रिया झाली की पाणी शुद्ध होतं म्हणून."

मी गप्प झालो. प्रयोगशाळेत आम्ही 'ट्रीटेड' म्हणत असू, 'शुद्ध' कधीच म्हणत नसू. लिहायला बसलो तेव्हा मात्र 'प्रक्रिया केलेले' हे जड वाटले आणि 'शुद्ध' हा गोड शब्द हातून उतरला. मराठीत 'शुद्ध' म्हटले की देवाच्या तांब्यातले पाणी डोळ्यांपुढे येते. माझ्या एका शब्दाने संशोधनाने न केलेला दावा केला होता, आणि त्याची किंमत कोथिंबीर खाणाऱ्याने मोजली असती.

त्या पाण्याविषयी शोधनिबंधांत प्रामुख्याने काय मोजलेले असते? इंग्रजी आद्याक्षरांनी 'बीओडी' म्हणून ओळखली जाणारी राशी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. नाव अवघड असले तरी कल्पना साधी आहे. पाण्यात सडणारा मळ असेल तर जिवाणू तो खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. मळ जितका जास्त, तितका ऑक्सिजन अधिक खर्च होतो. म्हणून नमुना बाटलीत घेऊन त्यातला ऑक्सिजन मोजायचा, बाटली हवाबंद करून अंधारात ठराविक तापमानाला ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा मोजायचा. जो घटला, त्यावरून मागणी काढायची. २७ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. त्यामुळे घाण पाणी आधी भरपूर पातळ करावे लागते, नाहीतर सगळा ऑक्सिजन संपून जातो आणि मोजायला काहीच उरत नाही.

अनेक देशांत ही चाचणी २० अंशांना ५ दिवस करतात. भारतीय मानकात ती २७ अंशांना ३ दिवस होते. उबेत जिवाणू भराभर काम करतात, आणि २७ अंश हे आपल्या हवामानाला जवळचे आहे. मापनाची पद्धतसुद्धा मातीप्रमाणे बदलून घ्यावी लागते. भाषेचेही तसेच आहे.

प्रक्रिया केलेले पाणी नदीनाल्यांत सोडण्यासाठी आपल्याकडील सर्वसाधारण मानकात ही मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण हा आकडा फक्त सडणाऱ्या मळाविषयी बोलतो. आतड्याच्या रोगांचे जंतू किती उरले, शिसे किंवा क्रोमियम आहे का, हे तो सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणजे बीओडी उत्तम असलेले पाणीही कच्ची खायच्या भाजीला घातक ठरू शकते.

तेव्हापासून कोणताही शोधनिबंध मराठीत सांगण्यापूर्वी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. काय मोजले? कुठे आणि कशावर मोजले? आणि काय मोजलेले नाही? वेगवेगळ्या शास्त्रांतली उदाहरणे घेऊन हे पाहू.

पहिले उदाहरण शेतीचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, म्हणजे मूळच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने, एमएसीएस १४०७ हे सोयाबीनचे वाण विकसित केले. त्याची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हेक्टरी ३९ क्विंटल उत्पादन, पेरणीपासून १०४ दिवसांत काढणी, जमिनीपासून ७ सेंटीमीटर उंचीवर लागणाऱ्या शेंगा. या शेवटच्या आकड्याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळतो, कारण शेंगा फार खाली असतील तर यंत्राने कापताना त्या शेतातच राहतात. या वाणाच्या गुणांत किडींची नावे येतात, तेव्हा अनुवादकाला कोश उघडावा लागत नाही. चक्रभुंगा, खोडमाशी, मावा, पांढरी माशी, पाने गुंडाळणारी अळी हे सगळे शब्द बांधावर आधीपासून आहेत. परिभाषा घडवणाऱ्याने पहिल्यांदा तिथे जावे.

पण दुसरा प्रश्न इथेही विचारायलाच हवा : कुठे? हे वाण आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी सुचवले होते. '३९ क्विंटल देणारे नवे वाण' एवढाच मथळा वाचून वाशीमच्या किंवा माळव्यातल्या शेतकऱ्याने बियाणे शोधले, तर दोष त्याचा नाही. जागेचा उल्लेख गाळणाऱ्याचा आहे.

अशाच चाचण्यांच्या अहवालांत एक शब्द सतत भेटतो, 'सिग्निफिकंट'. आपण त्याचा अनुवाद 'महत्त्वपूर्ण' असा करतो आणि फसतो. दोन वाणांच्या उत्पादनातला फरक संख्याशास्त्राच्या अर्थाने सिग्निफिकंट आहे, याचा अर्थ एवढाच की मुळात दोहोंत काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसणे विरळ होते. तो फरक शेतकऱ्याच्या खिशाला जाणवण्याइतका मोठा आहे की नाही, ही निराळी गोष्ट. मी 'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' असे लिहितो आणि लगेच पुढच्या वाक्यात फरक किती किलोंचा, ते देतो.

दुसरे उदाहरण भौतिकशास्त्राचे, जिथे बांधावरचे शब्द मिळत नाहीत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांची वाट वळवतात, आणि वळताना ते प्रकाश टाकतात. त्यातल्या क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना तपासता येते. 'सिंक्रोट्रॉन'ला मराठी प्रतिशब्द शोधण्यात मी वेळ घालवत नाही. शब्द ठेवतो आणि क्रिया सांगतो. मुलांना म्हणतो, ओली छत्री गरगर फिरवा, थेंब वाटेच्या रोखाने सरळ उडतात. हा प्रकाशही तसाच कड्याच्या स्पर्शरेषेत बाहेर पडतो. पण उपमा जिथे संपते, तेही सांगायलाच हवे. छत्रीवरून पाणी उडून जाते. इथे इलेक्ट्रॉन कड्यातच राहतो, उडतो तो प्रकाश. हे दुसरे वाक्य गाळले, तर उपमाच चुकीचे विज्ञान शिकवते.

तिसरे उदाहरण जुने आहे, पण नव्यांना धडा देणारे. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. जगभर ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर, पुरेसा ओलावा, ठराविक काळाने तीनदा उलथापालथ आणि सुमारे ३ महिन्यांत तयार खत. त्यामागे कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाचे रसायन आहे, हवा लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या जिवाणूंचे शास्त्र आहे. तरी सांगण्याची रीत अशी की दुसऱ्या कोणाला ते करून पाहता यावे. काय घ्यावे, किती, कधी उलटावे, हे सगळे त्यात आहे. संशोधनाचा खरा कस हाच असतो, आणि त्याच्या मराठी निवेदनाचाही असावा.

आम्हा इंदूरकरांच्या घरी मराठी आहे, पण पुष्कळदा स्वयंपाकघरापुरती आणि सणावारापुरती. मुले अभियांत्रिकी, वैद्यक, शेतीशास्त्र शिकतात. प्रबंध इंग्रजीत लिहितात, बाहेर हिंदीत बोलतात. 'तू नेमकं काय करतेस गं?' असे आजीने विचारले की नात हसून 'तुला नाही कळायचं' म्हणते. अनेकदा न कळण्याचा दोष आजीचा नसतो. नातीला आपले काम कोणत्याही भाषेत साधेपणाने सांगायला शिकवलेलेच नसते. म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याला एक शोधनिबंध निवडू द्या आणि तो घरच्या मोठ्या माणसाला मराठीत सांगून यायला लावा. नंतर वहीत दोनच गोष्टी लिहून घ्या : ऐकणाऱ्याने कोणता प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर निबंधात होते का.

वहिनींना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सांगितले, "वहिनी, माझा शब्द चुकला. ते पाणी शुद्ध नाही. त्यातला सडणारा मळ कमी केलेला असतो, एवढंच. जंतू आणि धातू तपासल्याशिवाय कच्च्या खायच्या भाजीला देऊ नका." त्या म्हणाल्या, "मग लेखात असंच लिहायचं होतं की."

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मी चौकटीत दुरुस्ती छापायला दिली. त्यात 'शुद्ध' हा शब्द नव्हता. तीन ओळी जास्त लागल्या.