क्लच नसलेली जुनी गाडी: घेताना आणि दुरुस्त करताना



आजचा विषय गटांच्या बैठकांत सारखा निघतो. पुण्याहून, संभाजीनगरहून एमएच-12, एमएच-20 अशा नंबरच्या जुन्या गाड्या आपल्या भागात विकायला येतात. त्यांत मागं डिकी असलेली लांब गाडी, म्हणजे सेडान, लोकांना फार आवडते. आणि तीही ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही. स्कूटी चालवणाऱ्या बाईला ती चार दिवसांत जमते. रात्री-अपरात्री सासूला चकलांब्याहून गेवराईला किंवा बीडला दवाखान्यात न्यायचं झालं, तर कुणाची वाट बघावी लागत नाही. शिवाय नवी घेताना जिला आठ-दहा लाख मोजले असतील, ती गाडी आता दोन-तीन लाखांत मिळते म्हटल्यावर घरातले सगळेच हो म्हणतात.

कमी पडलेले पैसे गटाच्या कर्जातून घातले जातात. गाडी मालकाच्या नावावर आणि हप्ता ताईच्या नावावर, असं चित्र कितीतरी घरांत आहे. मग काही महिन्यांनी गिअरबॉक्स जातो, मेकॅनिक लाखाच्या घरातला आकडा सांगतो, आणि गाडी चिंचेखाली उभी राहते. हप्ता मात्र चालूच. म्हणून व्यवहार ठरत असताना बाईला त्यातलं कळलं पाहिजे. गाडी उघडता यायची गरज नाही. आत कोणत्या जातीचं ऑटोमॅटिक आहे, आणि दुखणं तेलाचं आहे, वायरीचं आहे की खरंच आतलं झिजलंय, एवढं विचारता आलं तरी पुष्कळ झालं.

जाती चार आहेत. पहिली तुमच्या ओळखीची. 1984 साली पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या, त्यातून बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. 2001 मध्ये ॲक्टिव्हा आली. या स्कूटरमध्ये दोन पुल्या आणि एक रबरी पट्टा असतो. पुल्या अरुंद-रुंद होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि वेग बदलतो. कारमध्येही हीच युक्ती असते, तिला सीव्हीटी म्हणतात. फरक इतकाच की कारमधला पट्टा पोलादी असतो आणि तेलात फिरतो. स्कूटीचा पट्टा कोणताही मिस्त्री बदलून देतो, कारचा तसा बदलता येत नाही.

दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पातीही फिरायला लागतात. इथं वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या जोरानं दुसरा फिरतो आणि पुढं गिअर बदलायचं कामही तेलाच्या दाबानंच होतं. तिसरी जात एएमटी. ही खरं तर साधी गिअरची गाडीच. फक्त आपला पाय आणि हात जे काम करतात ते एक यंत्र करतं. 2014 च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली, तिच्यापासून ही पद्धत आपल्याकडे स्वस्त गाड्यांत पसरली. चौथी दोन क्लचची, डीएसजी. एक गिअर चालू असतानाच ती पुढचा तयार ठेवते. चालवायला सुरेख, दुरुस्तीला महाग.

गाडीच्या नावावरून जात कळत नाही, फसगत होते ती इथंच. होंडा सिटीचं बघा. 2008 च्या आधीच्या ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी आहे. 2008 च्या अखेरीस आलेल्या सिटीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. 2014 च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी. डिझायरची आधीची ऑटोमॅटिक चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची, नंतरची एएमटी. चाकणला बनलेल्या व्हेंटोत सुरुवातीला टॉर्क कन्व्हर्टर होता, पुढं डीएसजी आला. म्हणून ‘सिटी ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणत्या सालची, कोणत्या गिअरबॉक्सची, हे विचारा. प्रत्येक जातीचं तेल वेगळं असतं आणि सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं तर चांगला गिअरबॉक्सही बिघडतो.

तेलाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. या गाड्यांत तेल नुसतं वंगण नसतं. तेच दाब देतं, तेच ताकद पुढं नेतं, तेच आतली उष्णता बाहेर काढतं. नवं तेल बहुतेक गाड्यांत लालसर असतं, गुलाबाच्या सरबतासारखं. जुनं झालं की तपकिरी होतं. काळं पडून करपलेला वास यायला लागला, तर आतल्या क्लचच्या चकत्या जळायला लागल्या असं समजा. ‘हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं विकणारे सांगतात. पण आपला उन्हाळा, आपले रस्ते बघता साधारण 40,000 ते 60,000 किलोमीटरला ते बदललेलं बरं. जुन्या गाडीचं इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असतं आणि गिअरबॉक्सचं एकदाही नाही, असं फार आढळतं.

उष्णता हा या यंत्राचा मोठा शत्रू. 2013 च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगन कंपनीनं सात गिअरच्या डीएसजीच्या जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवताना आतल्या सिंथेटिक तेलामुळं विजेचा पुरवठा बिघडत होता, म्हणून ते काढून खनिज तेल भरून दिलं. आता आपल्याकडचा उसाचा हंगाम आठवा. पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं आपण, कासवाच्या गतीनं. एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीएसजीला हे सरकत चालणं सोसत नाही. क्लच अर्धवट पकडत राहतो आणि तापतो. अशा वेळी थोडं अंतर पडू द्या, मग एकदम पुढं जाऊन पुन्हा थांबा. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. पावसात काळ्या मातीत चाक रुतलं तर गाडी गरागरा फिरवत बसू नका. चार माणसं बोलवा, चाकाखाली दगड घाला.

आणि पाणी. टॉर्क कन्व्हर्टरच्या पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधूनच फिरून थंड होतं. आपण त्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओततो. हंड्याच्या तळाला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरमध्ये बसतो आणि धातूही खातो. एक दिवस आतली भिंत फुटते आणि पाणी-तेल एक होतं. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी एक किलोमीटरही पुढं नेऊ नका. रेडिएटर आणि तेल बदलून तेवढ्यात भागू शकतं. चालवत राहिलात तर सगळा गिअरबॉक्स जातो. दोन-चारशे रुपयांचं कूलंट वाचवायच्या नादात हे घडतं, हे मला फार वाईट वाटतं.

आता लक्षणं. दांडी डी वर टाकली आणि गाडीनं हिसका घ्यायला दोन-तीन सेकंद लावले, तर तेल कमी आहे किंवा आतली रबरी सील कडक झाली आहेत. इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, तर आतला क्लच घसरतोय; हे लक्षण गंभीर. पन्नास-साठच्या वेगात खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर झाली, तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरचा आतला क्लच. जुन्या सीव्हीटी सिटीत उचल घेतानाच गाडी थरथरते. तिथं योग्य तेल बदलून कित्येकदा आराम पडतो, म्हणून आधी तेच करावं. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून जड चालली आणि दिवा लुकलुकला, तर कॉम्प्युटरनं गिअरबॉक्स वाचवण्यासाठी तसं केलंय. एएमटीत गिअर आपोआप एन वर येतो, चढावर जळका वास येतो. क्लचप्लेट किंवा तिला ढकलणारं यंत्र बघायला हवं. सीव्हीटीत वेगाबरोबर वाढणारी किणकिण ऐकू आली तर बेअरिंग किंवा पट्टा.

पण काही दुखणी गिअरबॉक्सची नसतातच, आणि बिल मात्र गिअरबॉक्सचं होतं. दांडी पी वरून हलतच नाही? मागं एकीला उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकखालचा छोटा स्विच किंवा फ्यूज गेलाय. ब्रेक दाबल्याचा संदेश मिळाल्याशिवाय दांडी सुटत नाही. गिअर बदलताना धाड असा आवाज येतो? इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरी ठोकळ्यांवर बसलेले असतात ते माउंटिंग फाटलेलं असेल. बॅटरी म्हातारी झाली तरी कॉम्प्युटर वेडेवाकडे वागतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, आणि ते कोड कागदावर लिहून घ्या.

गाडी रस्त्यात बंद पडली तर आपण काय करतो? ट्रॅक्टर आणतो, दोरखंड लावतो, टोचन करून गेवराईला. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडेच घासतायत. किरकोळ वायर तुटलेली गाडी टोचन करून नेली आणि गॅरेजला पोचेपर्यंत गिअरबॉक्स गेला, असं होतं. या सेडान पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून पुढची चाकं उचलणारी क्रेन किंवा पूर्ण गाडी वर घेणारं वाहन बोलवा. विमा काढताना रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर तो इथं कामाला येतो. धक्का मारूनही या दोन जातींच्या गाड्या चालू होत नाहीत; उगाच घाम गाळू नका.

दुरुस्तीचे मार्ग स्वस्ताकडून महागाकडे असे. आधी तेल आणि फिल्टर, खर्च हजारांत. तेल एकदा सोडलं तरी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढा, भरा, काहीशे किलोमीटर चालवा, पुन्हा काढा. वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलाला यंत्र लावून जोरानं फ्लश करण्यापेक्षा हा सावकाशीचा मार्ग मला बरा वाटतो. तेल काढताना समोर उभ्या राहा. तळाच्या चुंबकावर राखेसारखी बारीक भुकटी असणं रीतसर आहे. चकाकणारे तुकडे दिसले तर तेलानं भागणार नाही.

त्यापुढं सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी. ही तेलाचे रस्ते उघडणारी-मिटणारी झडपांची पेटी. ती स्वच्छ करून किंवा बदलून हिसके जातात, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. एएमटीची क्लचप्लेट तर आपल्याकडचा चांगला मेकॅनिकही बदलतो, मात्र बदलल्यावर स्कॅनरनं तिची जागा कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावी लागते. ती सोय आहे का, ते आधीच विचारा.

शेवटी ओव्हरहॉल किंवा जुना गिअरबॉक्स. ओव्हरहॉल संभाजीनगर किंवा पुण्यात, ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्याकडं करावं आणि वॉरंटी लेखी घ्यावी. काढलेले भाग परत मागावेत. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात भंगारात निघालेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स मिळतात. स्वस्त पडतात, पण तो किती चाललाय हे सांगणारं कुणी नसतं. हा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या अर्ध्यावर जात असेल, तर मी तरी दुरुस्तीला हात घालणार नाही. आहे तशी, दोष सांगून विकेन. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्चही त्यात धरा.

माझा कल विचाराल तर आपल्यासारख्या, मोठ्या शहरापासून लांबच्या गावाला एएमटी बरी, कारण आतला गिअरबॉक्स साधाच असतो. तेल सांभाळलेला टॉर्क कन्व्हर्टरही टिकाऊ. जुनी सीव्हीटी आणि जुनी डीएसजी कितीही स्वस्त मिळाली तरी कर्ज काढून घेऊ नये.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं गाडी आधीच चालवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण थंड गाडीच खरं बोलते. ब्रेक दाबून पी वरून आर, मग डी, असं टाकून बघा. उचल घ्यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मागं चढावर रिव्हर्स घ्या. मग बीडच्या रस्त्यानं किमान वीस किलोमीटर चालवा, आणि गाडी पूर्ण तापल्यावर तेच सगळं पुन्हा करा. बरेच दोष तापल्यावरच वर येतात. परत आल्यावर गाडी उभी होती तिथं जमिनीवर लाल थेंब आहे का बघा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेल बदलायचा खर्च किमतीतून कमी करायला लावा, आणि स्कॅनरचा कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.