पूर ओसरल्यानंतरचे दोन महिने

श्रोते हो, आपल्या परभणी जिल्ह्यात काठावरची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. ही गंगा, पूर्णा आणि दुधना यांच्या काठाने आपली कितीतरी गावे वसली आहेत. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा या नद्यांचे रूप तुम्ही पाहिलेच आहे. पाणी उतरले की तलाठी येतो, पंचनामा होतो. भिंती किती पडल्या, जनावरे किती दगावली, सोयाबीन किती कुजले, याची मोजदाद होते. परंतु पुरामागून येणाऱ्या आजारांचा हिशेब त्या कागदावर चढत नाही.

तो हिशेब लहान नसतो. अमेरिकेतील चक्रीवादळांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदीप्रमाणे एका वादळात सरासरी २४ माणसे दगावतात. पण पुढच्या पंधरा वर्षांतले जादा मृत्यू धरले, तर अंदाज सात ते अकरा हजारांवर जातो. तो देश निराळा, तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण पाणी उतरले म्हणजे संकट सरले असे नाही, हा धडा आपलाही आहे.

असे का होते? प्रत्येक आजाराची स्वतःची मुदत असते, म्हणून. पहिल्या दिवसांत भय सापाचे आणि ओल्या भिंतीतून उतरणाऱ्या विजेचे. बिळात पाणी शिरले की साप घराच्या आश्रयाला येतो. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला सरळ दवाखान्यात न्या.

आठवडाभरात हगवण आणि उलट्या सुरू होतात. पुराचे पाणी उकिरडा, संडास, गोठा धुऊन विहिरीत उतरलेले असते. ते दिसायला निवळले तरी शुद्ध झालेले नसते. विहिरीत टीसीएल पावडर पडली का, हे ग्रामपंचायतीला विचारा. तोवर पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. चमचा चहाचा घ्या. हे साधे औषध समजू नका. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले.

पुढे येतो चिखलाचा ताप, म्हणजे लेप्टो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातले जंतू चिखलात मिसळतात व पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे या तापाने बळी घेतले. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून आपला चिखलही रेंगाळतो. रानात जाताना जखम झाका, जमल्यास गमबूट घाला. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. डेंग्यूचा डासही याच सुमारास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि दूषित पाण्याची कावीळ तर महिना-दीड महिना उलटल्यावरही डोके वर काढते. तोवर पुराची आठवणसुद्धा पुसट झालेली असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचे काम मोलाचे आहे. गावात साथ आली की ती बहुधा आधी शाळेच्या हजेरीपटात दिसते. एकाच गल्लीतली चार मुले एकदम गैरहजर दिसली, तर घरी निरोप धाडा आणि आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. पंचनामा एका दिवसात उरकतो. गावाने मात्र दोन महिने जागे राहावे.