मुगाचं गोड कढण

मूग आपल्या ओळखीचा. पाऊस पडला की आपण तो पेरतो. 60-70 दिवसांत शेंगा तोडणीला येतात. मग आपण काय करतो? पोती भरतो, बाजारात नेतो, पैसे घेऊन येतो. घरात राहतो तो थोडासा. तोही आजाऱ्यासाठी! कोणी तापानं पडलं, तर कढण होतं. ताप उतरला, की मूग पुन्हा मडक्यात.

आता एक गंमत ऐका. मूग मूळचा आपल्या भारतातला. फार पूर्वी तो इथूनच चीन देशात गेला. तिथे उन्हाळ्यात मुगाचं गोड कढण करतात. त्यात खडीसाखर घालतात, गार करतात आणि लहानथोर सगळे पितात. त्यासाठी कोणी आजारी पडावं लागत नाही. आपल्या गोव्यातही हरभऱ्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस यांचं मणगणं करतात. मग नंदुरबारच्या उन्हात आपण मूग का विसरावा?

दादरची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊन पोट भरतं. पण वाढत्या मुलाच्या अंगाला एवढं पुरत नाही. अंग ज्यानं भरतं, त्याला प्रथिनं म्हणतात. 100 ग्रॅम मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात. धान्य आणि मूग एकत्र खाल्ले, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

साहित्य : मूग 1 वाटी, तांदूळ किंवा भगर 1 मूठ, पाणी 6 वाट्या, चिरलेला गूळ अर्धी वाटी, मीठ 1 चिमूट, थोडी सुंठ.

कृती : मूग निवडा. खडे काढा. धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि 6 वाट्या नवं पाणी घाला. चुलीवर मंद जाळ ठेवा. फेस आला तर काढा. मूग अर्धे शिजले, की धुतलेले तांदूळ घाला. मधून मधून ढवळा. पाणी आटलं तर गरम पाणी घाला. दाणा बोटांनी दाबून बघा. लोण्यासारखा दबला, म्हणजे शिजला. आता गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवा, गाळा आणि कढणात ओता. मीठ व सुंठ घाला. दोन उकळ्या आल्या, की उतरवा.

गूळ आधी घालू नका! मी ही चूक केली आहे. पहिल्यांदा कढण करायला बसलो, तेव्हा सगळं एकदमच पातेल्यात टाकलं. दोन तास जाळ घातला. सरपणाची मोळी संपली, पण मूग टणकच! थोरली बहीण हसून म्हणाली, "मास्तर, शाळेत पोरांना शिकवता, आज मूग तुम्हाला शिकवतोय." गुळामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. बोअरिंगच्या जड पाण्यातही तो उशिरा शिजतो. पण म्हणून सोडा टाकू नका. सोड्यानं मुगातलं एक जीवनसत्त्व नष्ट होतं. दूध घालायचं असेल, तर कढण कोमट झाल्यावर घाला. उकळत्या गुळात दूध फाटतं.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात कढण लवकर आंबतं, म्हणून त्याच दिवशी संपवा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी गुळाऐवजी मीठ-जिरे घालून प्यावं. वर्षाच्या आतल्या मुलाला गूळ नको. सहा महिन्यांपर्यंत तर बाळाला आईचंच दूध द्यावं.

यंदा मूग बाजारात नेण्याआधी एक काम करा. घरच्या पोरांसाठी चार-पाच किलो वेगळा काढा. मडक्यावर खडूनं लिहा, 'हा विकायचा नाही.' आता तर तुम्हाला लिहिता येतं!