गाडी उंचीला नाही, उन्हाला हरते

डोणगावात मेहकर-मालेगाव रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजसमोर दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर येतंच: ‘आपण उंचावर आहो ना भाऊ, म्हणून गाडी ओढत नाही.’ त्यामागे हिशेबही तयार असतो. दर हजार फुटांमागे तीन टक्के ताकद जाते. डोणगाव धरा अठराशे फुटांवर, म्हणजे साडेपाच टक्के गेले. मुंबईच्या मित्राच्या तसल्याच गाडीने पाव मैल १७.३ सेकंदांत मारला असेल, तर आपली सव्वाअठरा घेणार. हिशेब संपला, चहा आला.

यातला पहिला भाग खरा आहे. प्रमाण वातावरणात, समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला, एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. साडेपाचशे मीटरवर तीच १.१६ च्या आसपास येते. टर्बो नसलेलं इंजिन प्रत्येक फेरीत ठरलेल्या आकारमानाची हवा ओढतं. हवा विरळ तर प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी तर जळणारं पेट्रोलही कमी. साडेपाच टक्के ताकद गेली, मान्य. पण ताकद साडेपाच टक्क्यांनी घटली म्हणून वेळ साडेपाच टक्क्यांनी वाढत नाही. नाही म्हणजे नाही!

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. इंजिन दर सेकंदाला सारखीच ऊर्जा देत असेल, तर गाडीची गतिज ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून वेग वाढतो तो वेळेच्या वर्गमुळाने. यावरून अंतर काढलं की उत्तर निघतं: अंतर ठरलेलं असेल तर वेळेचा घन गुणिले ताकद ही रक्कम कायम राहते. म्हणजे वेळ ताकदीच्या घनमुळाने हलते. ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी जेफ्री फॉक्स यांचा ड्रॅग रेसिंगच्या भौतिकशास्त्रावरचा लेख बघावा. तो १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून आला आहे. ड्रॅग रेसिंगवाले वर्षानुवर्षं वापरत आलेलं सूत्रही घनमुळाचंच आहे: चालकासह वजन पौंडांत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, घनमुळ काढा आणि ५.८२५ ने गुणा.

करून बघू. हजार किलोची गाडी, सत्तर किलोचा चालक, मिळून साधारण २,३६० पौंड. ताकद ९०. भागाकार २६.२, त्याचं घनमुळ २.९७, गुणाकार १७.३ सेकंद. आता साडेपाच टक्के ताकद काढून घ्या: १७.६. गॅरेजसमोर गेलेला जवळजवळ एक सेकंद प्रत्यक्षात तीन दशांश निघतो. डोक्यातल्या डोक्यात करायचं तर युक्ती सोपी आहे, ताकदीच्या टक्क्यांना ३ ने भागायचं. प्रत्यक्षात फटका याहूनही थोडा कमी बसतो, कारण सुटतानाचे पहिले काही मीटर टायरच्या पकडीवर आणि क्लचवरच्या पायावर ठरतात. शिवाय विरळ हवा गाडीला अडवतेही कमी.

आणखी एक. मुंबईच्या मित्राने तो आकडा आणला कुठून? ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आली आहे. ती जागा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, गिरगाव चौपाटीवर नाही. त्याच्या आकड्यात उंची आधीच मुरलेली, आणि आपण आपल्या आकड्यात ती नव्याने घालायची, असा हा कारभार.

मग मे महिन्यात गाडी खरंच मरगळते, ते काय? ते ऊन. दुपारी ४२ अंश तापमान आणि ९५० हेक्टोपास्कल दाब धरला, तर डोणगावची हवा घनमीटरला १.०५ किलो भरते. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा सोळाशे मीटरवर सापडते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे डोणगावच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी मेच्या दुपारी जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरची हवा ओढत असते. प्रमाण हवेपेक्षा ही घट १४ टक्के. इंजिनाचं नुकसान त्याहून थोडं कमी होतं, पण पुरे १४ धरले तरी वेळ येते १८.२.

तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना पळवा: १७.६. रस्ता तोच, उंची तीच, इंजिन तेच, फरक सहा दशांश सेकंदांचा.

हलक्या मॉडिफिकेशनचं कौतुक याच सहा दशांशांत लपतं. नवा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर मिळून ५ टक्के ताकद वाढवतात, हा दावा तुमच्याकरता खरा धरतो. ५ ला ३ ने भागा. पावणेदोन टक्क्यांच्या आत, म्हणजे तीन दशांश सेकंदही नाहीत. थंडी याच्या दुप्पट देते, तेही फुकट. उन्हाळ्यात वेळ मोजायची, दिवाळीला फिल्टर बसवायचा, डिसेंबरात पुन्हा मोजायची आणि फिल्टरवाल्याला पेढे द्यायचे! त्यातही तो फिल्टर बॉनेटखाली उघडा बसवलेला असेल, तर मेच्या दुपारी गाडी थांबवून बॉनेट उचला आणि फिल्टरजवळ हात धरा. हाताला चटका देणारी तीच हवा इंजिन पीत असतं.

बाकीचे गैरसमज झटपट.

‘टर्बोला उंची लागत नाही.’ कमी लागते. संगणक बूस्ट सांभाळून घेतो, पण टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते आणि कुठेतरी मर्यादा येतेच.

‘दमट हवा जड असते.’ उलट आहे. पाण्याचा रेणू १८ भाराचा, कोरड्या हवेची सरासरी २९. दमट हवा हलकी, फक्त आपल्याला जड वाटते.

‘मोबाइलवर दाब १००६ दाखवतो, म्हणजे हवा भरपूर आहे.’ हवामानाच्या ॲपवरचा तो आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तो हिशेबात घातला की डोणगाव थेट कोकणात जातं.

‘डायनोच्या कागदावर आहे तेवढी ताकद त्या दिवशी मिळाली.’ ते आकडे बहुधा दुरुस्त केलेले असतात. एसएई जे१३४९ या मानकात ते २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कलच्या कोरड्या हवेवर आणतात. कागद वाचताना दुरुस्ती कोणती, हे आधी बघा.

‘फोनवरची वेळ आणि ड्रॅग स्ट्रिपवरची वेळ एकच.’ स्ट्रिपवरचं घड्याळ गाडी साधारण फूटभर सरकल्यावर सुरू होतं. तेवढ्यात दोनतीन दशांश निघून जातात.

‘सोबत दोनतीन पोरं बसली तर काय फरक पडतो?’ सत्तर-सत्तर किलोचे तीन मित्र म्हणजे वजन जवळपास २० टक्क्यांनी वाढलं. वेळ एका सेकंदाने वाढते. ज्याचं खापर डोणगावच्या उंचीवर फोडत होतो तो सेकंद मागच्या सीटवर बसलेला असतो.

शेवटचा गैरसमज मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: ‘समृद्धी आहे की, तिथे मोजू.’ मेहकर तालुक्यातून जाणाऱ्या त्या महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. वेळ मोजायची तर बंद धावपट्टीवर, आयोजकांच्या देखरेखीत, हेल्मेट घालून मोजा. आणि मोजलीत की वहीत वेळेशेजारी तापमान, दाब आणि गाडीत किती माणसं होती ते लिहा. या तीन आकड्यांशिवाय सांगितलेली वेळ गॅरेजसमोरच्या चहापुरतीच.