८, ४०, ४४ : संगणकांच्या जाळ्याला पडलेला फेरा

धावण्याच्या शर्यतीत अजय विजयच्या पुढे आहे, विजय संजयच्या पुढे आहे. मग संजय अजयच्या पुढे असू शकेल का? ‘छे, भलतेच काय!’ असे तुम्ही म्हणाल. सरळ रस्त्यावर ते शक्य नाहीच. पण मैदान गोल असेल तर? २७ ऑक्टोबर १९८० रोजी अशाच एका कोड्याने अमेरिकेतील ‘अर्पानेट’ हे संगणकांचे जाळे कित्येक तास निकामी करून ठेवले.

अर्पानेट हे आजच्या इंटरनेटचे पूर्वज. १९६९ साली चार ठिकाणे जोडून त्याची सुरुवात झाली. प्रत्येक ठिकाणी ‘इम्प’ नावाचा एक लहान संगणक असे. आलेला संदेश कोणत्या तारेने पुढे धाडायचा हे तो ठरवी. टपालखात्यात पत्रे वेगळी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखेच त्याचे काम. त्यासाठी सर्व इम्पांजवळ जाळ्याचा एकच नकाशा हवा. म्हणून मे १९७९ मध्ये नवी पद्धत सुरू झाली. प्रत्येक इम्प आपल्या तारांची खबर सर्वांना कळवी. ती ज्याला मिळे, तो ती नवी असल्यास नोंदवून घेई व शेजाऱ्यांना देई. जुनी असल्यास टाकून देई.

खबर नवी की जुनी हे कळावे म्हणून तिच्यावर ० ते ६३ यांपैकी क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०, म्हणजे ६४ आकड्यांचे घड्याळच म्हणा ना! नियम असा : एका क्रमांकापासून पुढे मोजत ३२ पावलांच्या आत जो क्रमांक येतो, तो नवा. एका इम्पच्या लागोपाठच्या खबरींचे क्रमांक जवळजवळचेच असणार, तेव्हा यात धोका कुणाला दिसला नाही.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इम्पच्या खबरीवर तीन क्रमांक एकाच वेळी फिरू लागले : ४४, ४० आणि ८. हे आकडे द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ४४ म्हणजे १०११००, ४० म्हणजे १०१०००, ८ म्हणजे ००१०००. एका बिघडलेल्या यंत्राच्या स्मृतीतून दोनदा एकेक ‘१’ गळाला होता! तारेवरून जाताना संदेशात चूक झाली तर ती पकडण्याची सोय होती. स्मृतीत पडून असताना झालेल्या चुकीसाठी नव्हती.

आता घड्याळावर मोजा. ८ पासून ४० बत्तीस पावले पुढे, म्हणून ४० नवा. ४० पासून ४४ चार पावले, म्हणून ४४ नवा. आणि ४४ पासून ६३ ओलांडून ८ पर्यंत अठ्ठावीस पावले, म्हणून ८ नवा! दगड-कागद-कात्रीच्या खेळात जसा कायमचा विजेता नसतो, तसेच झाले. इम्प या तीन खबरी एकमेकांना अखंड देत राहिले. खबरींना अग्रक्रम असल्याने बाकी कामे खोळंबली. शेजाऱ्याला ‘मी ऐकतो आहे’ असे सांगणेही राहून जाई, मग चांगल्या ताराही बंद समजल्या जात.

बिघडलेले यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, हा घरगुती उपाय आपण सर्वच करतो. इथे तो लंगडा ठरला. एक इम्प नव्याने सुरू केला की शेजारी लगेच त्याच तीन खबरी त्याच्या हाती ठेवत. रोग एका यंत्रात नव्हताच, तो देवाणघेवाणीत होता.

तज्ज्ञांनी इम्पांच्या स्मृतीतील मजकूर उतरवून घेतला. रांगेत सगळीकडे ५० क्रमांकाच्याच खबरी, आणि ८, ४०, ४४ यांचीच माळ! मग प्रत्येक इम्पच्या आज्ञावलीत एक लहानशी दुरुस्ती घातली : ‘५० कडून आलेली खबर ऐकू नकोस.’ क्रमांकांचे गणित सुधारण्याच्या भरीस कोणी पडले नाही. आग लागली असताना घराचा आराखडा बदलत नाहीत! फेरा तुटला आणि जाळे सावरले.

आराखडा नंतर बदलला. आज वापरात असलेल्या ‘ओएसपीएफ’ या मार्ग ठरवण्याच्या पद्धतीत क्रमांक चक्रावर नसून सरळ रेषेवर वाढतात आणि साठवलेली खबरही अधूनमधून तपासली जाते. क्रमांकासाठी सहाऐवजी ३२ द्विमान अंक असतात. दर पाच सेकंदांना एक क्रमांक खर्च केला, तर ही रेषा संपायला किती वर्षे लागतील? गणित करून पाहा. उत्तर ६८० च्या आसपास येईल.