गावचा तंटा आणि ग्रामसभेचा कौल

बांध कोरण्याची विद्या खेड्यात कोणी कोणास शिकवीत नाही. नांगर वळविताना फाळ वीतभर पलीकडे न्यावयाचा, पुढल्या वर्षी आणखी वीतभर. चारपाच हंगामांत शेजाऱ्याच्या शेताची एक पट्टी आपली होते. शेजाऱ्याच्या ध्यानात आले की बोलाचाली, मग हातघाई, मग पोलीस ठाणे आणि त्यानंतर तालुक्याच्या कचेरीतील तारखा. ज्या पट्टीसाठी हे सारे घडते तिच्यात पायलीभर जोंधळाही पिकत नाही. परंतु तिच्यापायी दोन घरांचे बोलणे बंद होते, पाणवठ्यावर बायकांची तोंडे फिरतात आणि बापाने मांडलेला दावा पुढे मुलगा चालवितो.

असे तंटे गावातच मिटावेत या हेतूने महाराष्ट्र शासनाने २००७ च्या १५ ऑगस्टपासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील होते. याच गृहस्थांनी पूर्वी ग्रामविकास खाते सांभाळताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान चालविले होते. गावागावांत चढाओढ लावून लोकांकडून काम करवून घेण्याची ती रीत त्यांनी येथेही वापरली. मोहिमेचे मुख्य अंग म्हणजे गावची तंटामुक्ती समिती. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक ही सरकारदरबारची माणसे आणि महिला, शिक्षक, गावातील जाणती मंडळी ही लोकांची माणसे अशी ही संयुक्त रचना आहे. समिती नेमावयाची ती ग्रामसभेने, आणि ती पुढे चालवावयाची की बदलावयाची हेही ग्रामसभेनेच ठरवावयाचे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. शिवकाळात व पेशवाईत वतनाचे व हद्दीचे वाद गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि निर्णयाचा महजर लिहून त्यावर आपापली निशाणी करीत. कुणब्याची निशाणी नांगराची असे. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती, ती पुढे वगळण्यात आली. बिहारात मात्र निराळा प्रकार आहे. तेथील २००६ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीबरोबर एक ग्रामकचहरी असते आणि तिच्या निवडून आलेल्या प्रमुखाला सरपंच म्हणतात; पंचायतीचा प्रमुख तो मुखिया. पाटण्यात नव्याने गेलेल्या मराठी माणसाचा येथे हमखास घोटाळा होतो.

ग्रामकचहरीला कायद्याने दिलेली सत्ता आहे. तंटामुक्ती समितीला तशी सत्ता नाही. ती शासनाच्या निर्णयाने जन्मास आली, विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे. तिला समन्स काढता येत नाही, दंड करता येत नाही, शिक्षा देता येत नाही. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसविणे, त्यांचे ऐकणे आणि पटले तर तडजोड लिहून घेणे एवढेच तिचे काम. हे दुबळेपण वरवर वाटते तितके वाईट नाही. शेतावर जाण्याची वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि कागदावर हा मार्ग जलद आहे. पण तहसीलदार वाट मोकळी करून देईल. त्या वाटेने रोज जाताना शेजाऱ्याने बैल आडवा बांधू नये याची हमी तो कशी देणार? ती हमी गावच देऊ शकते.

पहिली काही वर्षे मोहिमेला मोठे भरते आले. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी तंट्यांची वर्गवारी करून नोंदवह्या भरल्या जाऊ लागल्या. बाहेरची पथके येऊन गुण देत आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या मानाने काही लाखांचे पारितोषिक मिळे. जुने खटले आपसांत मिटले. घरून विरोध असलेल्या जोडप्यांची लग्ने समितीच्या साक्षीने लागली. या लग्नांत वधूचे वय १८ व वराचे २१ पूर्ण आहे याचा दाखला आधी पाहणे हे समितीचे पहिले कर्तव्य, आणि उत्साहाच्या भरात नेमके तेच विसरले जाण्याचा संभव अधिक.

पारितोषिकाने जशी गती दिली तसा एक दोषही आणला. तंटा मिटला की गुण मिळतात, आणि तंट्याची नोंदच झाली नाही तरी गाव शांत दिसते. मग तक्रार घेऊन ठाण्याकडे निघालेल्या माणसाला वेशीवर अडवून परत फिरविण्याचा मोह होतो. परत फिरणारा बहुधा गावातला दुबळाच असतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, तिची आठवण येथे ठेवावी लागते. समितीत एकाच भावकीची माणसे भरली असतील तर मजुराची तडजोड आणि मालकाची तडजोड एका तराजूत तोलली जाणे कठीण. नवऱ्याने मारहाण केलेल्या स्त्रीला सर्वांच्या देखत नांदावयास जा असे सांगितले की नोंदवहीत एक तंटा मिटतो. तिच्या घरात तो मिटतोच असे नाही.

कायद्याने येथे रेषा आखून ठेवली आहे. कोणते गुन्हे आपसांत मिटविता येतात याची यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. साधी मारहाण, काही प्रकारची चोरी, अब्रुनुकसानी यांत तडजोडीस वाव आहे. बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीचा विचारही करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत बजावले. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या १९८९ च्या कायद्याखालील गुन्हेही त्या यादीत नाहीत. आणि तडजोड न मानणाऱ्या घरास वाळीत टाकण्याचा विचार कोणी बोलून दाखविला, तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो स्वतःच गुन्हा ठरतो.

पुढे पारितोषिकांचा ओघ आटला. आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये निवर्तले. अनेक गावांत समिती नावापुरती उरली, काही गावांत ती आजही बैठका घेते. अध्यक्षपदावरूनच ग्रामसभेत तंटा झाला आणि पोलिसांना बोलवावे लागले, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांतून अनेकदा छापून आली आहे. वाचणारे हसतात. परंतु जेथे त्या पदासाठी कोणी भांडतही नाही तेथे समिती निकामी झाली असे खुशाल समजावे.

म्हणून ऑगस्टातील ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा केवळ अध्यक्षाचे नाव सुचवून हात वर करणे पुरेसे होत नाही. समितीवर कोणत्या वस्तीचे, कोणत्या घरांचे लोक आहेत, स्त्रिया बैठकीस खरोखर येतात की त्यांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, कोणती प्रकरणे समितीने हातीच न घेता थेट ठाण्याकडे पाठवावयाची, हे ठरावात लिहिता येते. ते लिहिले तर नव्या अध्यक्षावरही बंधन राहते.

आणखी एक साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. समितीपुढे झालेली तडजोड हा कागद असतो. तो मोडला तर वसुली किंवा अंमलबजावणी होत नाही. तोच दावा न्यायालयात चालू असताना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील लोकअदालतीत नेला, तर तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते आणि त्यावर अपील चालत नाही. त्यासाठी दोन्ही पक्षांना घेऊन एकदा तालुक्याला जावे लागते. मावळत्या समितीने हे केले नसेल तर तिच्या नोंदवहीत ‘मिटले’ असा शेरा मारलेला बांध पुढच्या नांगरटीला पुन्हा उघडा पडतो, आणि नव्या समितीपुढे पहिला अर्ज त्याचाच येतो.